माणूस कधी अर्धा असतो का?

मुलांनो, संकरित ज्वारी तुम्हांला माहीत आहे. संकरित गायही पाहिली असेल. दोन वेगळ्या जातींपासून नवं वाण तयार केलं, की त्याला संकरित म्हणायचं. बियाण्याला, जनावराला हा शब्द चालतो. पण आई एका देशाची, वडील दुसऱ्या देशाचे, अशा मुलाला कुणी 'संकरित' म्हटलं तर? ऐकायलाच नको वाटतं ना!

पण जगात असे शब्द सर्रास वापरले गेले. आईवडिलांपैकी एक आफ्रिकी आणि एक युरोपीय असेल, तर त्या मुलाला स्पॅनिश व पोर्तुगीज लोक 'मुलाटो' म्हणत. बहुतेक भाषातज्ज्ञांच्या मते हा शब्द 'मुला', म्हणजे खेचर, यावरून आला. इंग्रज म्हणत 'हाफ कास्ट'. यातल्या 'कास्ट'चं मूळ 'शुद्ध' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे असं मानतात. म्हणजे हा मुलगा अर्धाच शुद्ध! उरलेला अर्धा काय मग अशुद्ध?

आता आपल्याच देशातलं उदाहरण. इंग्रजी अमलात वडील युरोपीय आणि आई भारतीय, अशी बरीच कुटुंबं होती. त्यांच्या मुलांना 'युरेशियन' किंवा 'हाफ कास्ट' म्हणत. 'अँग्लो इंडियन' म्हणजे तेव्हा भारतात राहणारा इंग्रज! पण हेच नाव या समाजाला स्वतःसाठी हवं होतं. १९११ च्या जनगणनेत सरकारने ते मान्य केलं. पुढे राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात त्याची व्याख्याही आली. मात्र तिच्यात वडिलांकडचा युरोपीय पूर्वजच धरतात. आईकडचा असेल तर तो हिशेबात नाही! पाहा, नाव कुणाला द्यायचं यातही केवढा फरक पडतो.

याच समाजातले हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस. १९४८, १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ते भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते. १९६० मध्ये रौप्यपदक. ही पदकं काय अर्ध्या भारतीयाने मिळवली? छे! ती पूर्ण भारताचीच.

जपानमध्ये अशा मुलांना 'हाफु' म्हणतात. इंग्रजी 'हाफ'वरून आलेला हा शब्द. काहींना तो चालतो. पण काही पालक म्हणाले, आमची मुलं अर्धी कशी? त्यांना दोन भाषा, दोन आजोळं, दोन प्रकारचे सण. ती तर 'डबल'! ब्रिटनच्या २००१ च्या जनगणनेत 'मिश्र' असा वेगळा रकाना पहिल्यांदाच आला. त्याआधी अशा माणसाला आपल्यासाठी नेमका रकानाच सापडत नसे.

पालकहो, आपणही घरात सहज बोलून जातो, "तो काय, अर्धा मराठी!" आपण विसरतो, पण मुलं ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तेच कुणाला तरी चिडवतात. ज्याला चिडवलं, त्याला आई निवडू की बाबा, असा प्रश्न पडतो. कुठल्याही मुलावर ही पाळी का यावी?

तेव्हा मुलांनो, एवढं करा. तो स्वतःला जे म्हणवतो, तेच तुम्ही म्हणा. माहीत नसेल तर मैत्री झाल्यावर विचारा. आणि पहिल्या दिवशी? नाव विचारा, डबा वाटून खा आणि मधल्या सुट्टीत खेळायला न्या!