ताप नसलेला न्यूमोनिया

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी एकादशीचा उपवास आईने नेहमीप्रमाणे केला. मात्र द्वादशीला पारणे करण्यासाठी ती उठलीच नाही. तिचे वय तेव्हा एक्याऐंशी होते. ताप नव्हता, खोकलाही नावापुरताच. 'उपासाचा थकवा आहे, उतरेल,' असे म्हणून मी दवाखान्यात निघून गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा तिने मला माझ्या दिवंगत मामाच्या नावाने हाक मारली. घरच्यांनी ते वयावर घातले. खरे सांगायचे तर मीही घातले. रात्री माझी पत्नी म्हणाली, "आईंचा श्वास जरा भरभर चालला आहे, असे नाही का वाटत?" मी घड्याळ लावून मोजला. मिनिटाला ३२. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग स्पष्ट दिसत होता. तो न्यूमोनिया होता. अडीच दशके रुग्ण तपासणाऱ्या मुलाच्या घरात तो पूर्ण एक दिवस दडून राहिला होता.

न्यूमोनिया अनेक प्रकारच्या जंतूंमुळे होतो. त्यांत जीवाणू, विषाणू आणि क्वचित बुरशीही असते. जीवाणूंपैकी सर्वांत परिचित म्हणजे न्यूमोकोकस. फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १८८१ मध्ये स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला. सूक्ष्मदर्शकाखाली हे जीवाणू जोडीजोडीने दिसतात. त्यांच्याभोवती शर्करेचे एक निसरडे कवच असते. त्या कवचामुळे आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींना त्यांना गिळणे अवघड जाते.

विशेष म्हणजे हा जंतू बऱ्याचदा कोणतीही तक्रार न करता माणसाच्या नाकाघशात राहतो, लहान मुलांमध्ये तर अधिकच. नातवंडाच्या शिंकेतून तो आजीआजोबांपर्यंत पोहोचतो. फ्ल्यूसारख्या विषाणूने श्वसनमार्गाचे अस्तर आधीच दुखावले असेल, तर त्याला फुप्फुसात उतरण्यास वाट मिळते.

मग वृद्धांना ताप का येत नाही? ताप हा जंतू निर्माण करत नाही. जंतूशी लढताना आपले शरीरच तो निर्माण करते. वयानुसार ही लढाऊ यंत्रणा मंदावते. वृद्धांचे नेहमीचे तापमानही थोडे कमीच असते. त्यामुळे तरुणाला जेथे हुडहुडी भरून ताप चढेल, तेथे वृद्ध केवळ मलूल होतो. फुप्फुसातला आजार असा मेंदूच्या, पायांच्या वा भुकेच्या तक्रारीचे सोंग घेऊन समोर येतो.

म्हणून घरात वृद्ध व्यक्ती असेल, तर पुढील गोष्टींकडे लक्ष असावे. एक-दोन दिवसांत अचानक आलेली असंबद्धता, गुंगी किंवा माणसे न ओळखणे. अकारण तोल जाऊन पडणे. अन्नावरची वासना एकाएकी उडणे. नेहमी नियंत्रणात असलेली रक्तातील साखर विनाकारण वाढणे. वार्धक्य महिन्यामहिन्यांनी पुढे सरकते. एका रात्रीत झालेला बदल वार्धक्य नव्हे, तो आजार असतो.

श्वास मोजणे कोणालाही जमते. व्यक्ती शांत पडलेली असताना, तिला न सांगता, छातीची किंवा पोटाची वरखाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. मिनिटाला २५ च्या वर श्वास असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ३० किंवा अधिक असल्यास रुग्णालय गाठावे. ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ९४ पेक्षा कमी दिसल्यास डॉक्टरांना कळवावे; ९० च्या खाली गेल्यास विलंब नको. बोट थंड असेल किंवा नखाला रंग असेल, तर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. जुना दमा किंवा फुप्फुसविकार असलेल्यांनी आपला नेहमीचा आकडा डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावा.

एक कळकळीची विनंती: कपाटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या देऊन वाट पाहू नये. विषाणूंवर त्या निरुपयोगी ठरतात आणि जीवाणू असल्यास अर्धवट मात्रेने आजार बरा न होता केवळ झाकला जातो.

प्रतिबंधाचे मार्ग साधे आहेत. न्यूमोकोकसविरोधी लस ज्येष्ठांसाठी उपलब्ध आहे. कोणती व केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. फ्ल्यूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या देशात बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली. नातवंडांचे लसीकरण पूर्ण असले, की आजीआजोबांनाही त्याचा आडोसा मिळतो.

कवळी रात्री काढून, स्वच्छ करून ठेवावी. दात आणि जीभ रोज साफ करावी. तोंडातील जंतूच अनेकदा ठसक्यावाटे फुप्फुसात जातात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस आडवे ठेवून भरवू नये. तिला टेकून बसवावे, लहान घास द्यावेत, जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. गुंगीत असताना तोंडात पाणी घालू नये. विडी-सिगारेटचा आणि चुलीचा धूर त्यांच्यापासून दूर ठेवावा.

आई नऊ दिवसांनी रुग्णालयातून घरी आली. पूर्वीसारखी अंगणापर्यंत चालू लागायला तिला दिवाळी उजाडली. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात कोणी "डॉक्टर, वय झाले हो त्यांचे," असे म्हणाले, की मी आधी घड्याळ काढतो आणि श्वास मोजतो. आपणही मोजावा. त्याला एकच मिनिट लागते.