ध्रुवक चष्मा आणि डोळ्यांचे संरक्षण : हिंगणी परिसराच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी या गावाजवळ बोर नदीवर धरण बांधलेले असून त्याच्या जलाशयाभोवती बोर अभयारण्याचे जंगल आहे. हे अभयारण्य १९७० साली घोषित झाले आणि २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जलाशयाचे विस्तीर्ण पाणी, कालव्याखालची ओलिताची शेते, कपाशी-तुरीची कोरडवाहू जमीन आणि सागाचे रान ही सर्व येथे एकमेकांस लागून आहेत. उघड्यावर काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर जे जे प्रकाशाचे आणि आघाताचे प्रसंग येतात, ते बहुतेक सर्व या परिसरात आढळतात. बाजारात ‘पोलराइज्ड सेफ्टी गॉगल’ या एकाच नावाने जो चष्मा मिळतो, त्याचा गुणदोषविचार अशा ठिकाणी ठेवून केल्यास अधिक स्पष्ट होतो.

या नावात दोन भिन्न गुण एकत्र बांधले गेले आहेत. ध्रुवण हा प्रकाशाचा विषय आहे. संरक्षण हा भिंगाच्या बळकटीचा आणि चष्म्याच्या घडणीचा. एक गुण असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही, आणि ग्राहकाची फसगत नेमकी येथे होते.

सूर्याकडून येणाऱ्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाला लंब अशा सर्व दिशांनी होत असतात. पाण्यासारख्या गुळगुळीत, अधातू पृष्ठभागावरून परावर्तन झाले की पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवी कंपने अधिक प्रमाणात परत येतात. परावर्तनाने प्रकाशाचे ध्रुवण होते हे मालूस याने १८०८ साली पाहिले. ते ज्या कोनात पूर्ण होते त्याचा वक्रीभवनांकाशी असलेला संबंध ब्रूस्टरने १८१५ साली मांडला. पाण्याचा वक्रीभवनांक १·३३ धरला तर हा कोन ५३ अंश येतो. या कोनात उभ्या कंपनांचे परावर्तन शून्य होते, आणि आडव्या कंपनांपैकी सुमारे ८ टक्के प्रकाश परत येतो. सूर्यबिंबाचे तेज एवढे असते की हे ८ टक्केही डोळा दिपवण्यास पुरेसे होतात.

ध्रुवक भिंगात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा ताणलेला, आयोडीन शोषलेला पातळ पापुद्रा असतो. ताणाच्या दिशेने रेणूंच्या साखळ्या समांतर होतात व त्या दिशेची कंपने शोषली जातात. चष्म्यात ही दिशा आडवी ठेवतात, म्हणून पाण्यावरची चकाकी थांबते आणि उभ्या कंपनांनी येणारे खालचे दृश्य दिसू लागते. पापुद्र्याच्या रूपातील ध्रुवक एडविन लँड या अमेरिकी संशोधकाने १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केला. त्यापूर्वी या कामासाठी निकोल लोलक हाताळावा लागे. त्याच लोलकाने चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ या बोटीवरून समुद्राची पृष्ठीय चकाकी काढून टाकली आणि पाण्याचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे दाखवले. त्याविषयीचे त्यांचे पत्र मुंबई बंदरातून लिहिलेले आहे. आज जलाशयाकाठी ध्रुवक चष्मा लावून उथळ पाण्यातील मासा पाहणारा माणूस तत्त्वतः तोच प्रयोग करीत असतो.

सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंश उंच असता बोर जलाशयावरील त्याच्या चकाकीचे ध्रुवण पूर्ण होते. हिंगणीचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर धरून हिशेब केल्यास, मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास ही स्थिती सकाळी नवाच्या आणि दुपारी पावणेचारच्या आसपास येते. या वेळांच्या मागेपुढे ध्रुवक भिंगाचा उपयोग सर्वाधिक. सूर्य मावळतीकडे झुकून १० अंशांवर आला की चित्र बदलते : आडव्या कंपनांपैकी सुमारे ४६ टक्के आणि उभ्या कंपनांपैकी सुमारे २४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. आदर्श ध्रुवकही या चकाकीचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग डोळ्यापर्यंत जाऊ देईल. संध्याकाळी जाळे ओढणाऱ्यास ‘चष्मा लावूनही दिपते’ असे वाटले, तर तो चष्मा नकली ठरवण्याचे कारण नाही.

डोके कलले तरी गुण कमी होतो. ३० अंश कललेल्या डोक्याला आडव्या कंपनांपैकी चौथा हिस्सा पुन्हा दिसू लागतो, ४५ अंशांना निम्मा. टिनाच्या पत्र्यावरील चकाकी धातूच्या परावर्तनाची असल्याने तिचे ध्रुवण अल्पच असते. वखरलेल्या कोरड्या जमिनीवरून आणि धुळीवरून प्रकाश विखुरतो, तेथेही ध्रुवकाचे विशेष काम नाही. अशा ठिकाणी साधे रंगीत भिंग तेवढेच उपयोगी पडते आणि ते स्वस्तही असते. मात्र पावसाने न्हालेली पाने, ओला डांबरी रस्ता, पाणी साचलेला बांध यांच्यावर ध्रुवकाचा फरक तत्काळ जाणवतो.

आता संरक्षणाकडे वळावयाचे. शेतकऱ्याच्या डोळ्याला चकाकीपेक्षा काडीचे भय अधिक आहे. वाळलेली पऱ्हाटी उपटताना, तूर कापताना, थ्रेशरमध्ये सोयाबीन घालताना उडालेला कण किंवा पात्याचा काठ स्वच्छमंडलावर ओरखडा काढतो. वनस्पतीच्या अशा ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग शिरतो आणि व्रण होतो; त्याने दृष्टी कायमची अधू होऊ शकते. भारतातील शेतीवर राबणाऱ्या लोकांत हा विकार परिचित आहे. डोळा चोळून, घरातले कोणतेही थेंब घालून दोन दिवस काढणे येथे घातक ठरते. गवत कापणाऱ्या यंत्राच्या दोरीने उडालेला खडा तर याहून वेगाने येतो.

अशा आघाताला तोंड देणारे भिंग पॉलिकार्बोनेटचे असावे लागते. अमेरिकेच्या झेड ८७ मानकातील उच्च आघाताच्या चाचणीत चष्म्यावर ६·३५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारतात, तसेच ५०० ग्रॅमचे टोकदार वजन १२७ सेंटिमीटरवरून सोडतात. या कसोटीस उतरलेल्या चष्म्यावर ‘झेड ८७’ व पुढे अधिक चिन्ह कोरलेले असते. भारतीय मानक आयएस ५९८३ हे नेत्ररक्षकांसाठी आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या ध्रुवक चष्म्यांची भिंगे बहुधा सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटच्या पातळ थरांची असतात. ती चकाकी उत्तम रोखतात, परंतु खड्यापुढे त्यांचा भरवसा धरता येत नाही. भिंगावर आणि चौकटीवर चिन्ह नसेल तर विक्रेत्याच्या ‘सेफ्टी’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

फवारणीचा प्रश्न निराळाच आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, आणि काहींच्या दृष्टीवर परिणाम झाल्याच्या बातम्या आल्या. बाजूने उघडा असलेला चष्मा, मग तो ध्रुवक असो वा नसो, तुषारांना अडवीत नाही. तेथे चेहऱ्याला घट्ट बसणारा, आडवळणी हवाछिद्रे असलेला बंद गॉगलच हवा. तो घामाने धुरकटतो व थोड्याच वेळात कपाळावर सरकतो, ही खरी अडचण आहे. म्हणून धुके न धरणारा लेप ही चैन न समजता निवडीची पहिली अट समजावी.

काळेपणाविषयीही गैरसमज फार आहेत. गडद भिंगाने जंबुपार किरण थांबतात असे नाही. उलट ते थांबत नसतील तर गडदपणामुळे बाहुली विस्फारून अधिक किरण आत जातात. पॉलिकार्बोनेट स्वतःच त्यांतील बहुतेक किरण शोषून घेते. इतर भिंगांबाबत लेखी हमी पाहावी. प्रकाशगाळणीच्या प्रचलित वर्गवारीत तिसऱ्या वर्गाचे भिंग ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, दुसऱ्या वर्गाचे १८ ते ४३ टक्के. जलाशयावर व उघड्या रानात तिसरा वर्ग योग्य. चौथा वर्ग वाहन चालवताना वापरू नये. उघड्या जीपमधून सागाच्या सावलीत शिरणाऱ्या पर्यटकास मात्र तिसऱ्या वर्गाचे भिंगही जड जाते : झुडपाआडचे जनावर दिसण्याऐवजी लपते. त्याला दुसरा वर्ग पुरे. धूळ आणि अंगावर येणारी फांदी यांसाठी चौकटीची बाजू झाकलेली असली म्हणजे झाले.

चष्मा खरोखर ध्रुवक आहे की नाही, हे दुकानातच पाहता येते. दोन ध्रुवक चष्म्यांची भिंगे एकावर एक धरून एक पाव फेरा फिरवले की प्रकाश जवळजवळ बंद होतो. दुसरा चष्मा हाताशी नसल्यास द्रवस्फटिक पडदा असलेला मोबाइल भिंगामागे धरून फिरवावा. एका स्थितीत पडदा काळवंडतो. हाच गुण कामात आड येतो. ट्रॅक्टरवरील किंवा पंपावरील आकड्यांचा पडदा अशा चष्म्यातून वाचता येत नसेल, तर त्या कामासाठी साधे रंगीत भिंग घ्यावे. पाणपक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्याचा कॅमेऱ्याचा पडदाही कधी उभा धरला की काळा होतो, आणि कॅमेरा आडवा केला की पुन्हा उजळतो.