दुर्घटनेवरचे आकाश

जुलै १९५८. लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीचे मुख्य अभियंता जॉन सिल्वा बेल बनावटीच्या छोट्या हेलिकॉप्टरमधून हॉलिवूडवर घिरट्या घालत होते. सोबत टीव्हीचा कॅमेरा होता, प्रक्षेपक होता, पण खाली स्टुडिओत चित्रच पोचेना. तेव्हा दीड हजार फुटांवर सिल्वा दारातून बाहेर पडले, हेलिकॉप्टरच्या स्किडवर उभे राहिले आणि बाहेर बसवलेली पेटी उघडून पाहिली. उष्णतेने आणि हादऱ्यांनी आतली व्हॅक्यूम ट्यूब निकामी झाली होती. दुसऱ्या उड्डाणात चित्र पोचले आणि बातमीला पंख फुटले.

१४ डिसेंबर १९६३ रोजी केटीएलएच्या याच ‘टेलिकॉप्टर’ने, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या हेलिकॉप्टरने, बाल्डविन हिल्सचे धरण फुटताना थेट दाखवले. भगदाड रुंदावत गेले, पाण्याचा लोंढा घरांवर कोसळला, पाच माणसे गेली. संकट कुठवर आले आहे, हे लोकांनी पहिल्यांदाच वरून पाहिले. मग प्रत्येक वाहिनीला आपले हेलिकॉप्टर हवेसे झाले. या कामाने वैमानिकांचे बळीही घेतले. सोव्हिएत हद्दीत यू-२ हेरगिरी विमान पाडले गेल्यावर जगभर गाजलेले फ्रान्सिस गॅरी पॉवर्स त्यातून वाचले, पण १ ऑगस्ट १९७७ रोजी वणव्याचे चित्रण आटोपून वाहिनीच्या हेलिकॉप्टरने परतताना इंधन संपले आणि ते व त्यांचे कॅमेरामन लॉस एंजेलिसमध्ये कोसळून मरण पावले.

दुर्घटनास्थळावर तात्पुरती उड्डाणबंदी घालण्याचा अमेरिकी नियम वैमानिकांच्या बोलीत ‘टीएफआर’ म्हणून ओळखला जातो. घटनास्थळाभोवती किती मैल आणि किती फुटांपर्यंत बंदी, हे ‘नोटॅम’ म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना काढून कळवले जाते. बंदीची कारणे तीन. खालच्या धोक्यापासून, म्हणजे स्फोट, विषारी वायू वगैरेंपासून बचाव. मदतीच्या विमानांना मोकळी वाट. आणि बघ्यांच्या विमानांची गर्दी टाळणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पत्रकारांना नियमातच जागा आहे: उड्डाणाचा आराखडा आधी द्या, मदतकार्याची विमाने असतील तर त्यांच्या वर राहा आणि चित्रण करा. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. पहिल्या प्रकारात मात्र ही मुभा नाही, आणि पुढचे तंटे तिथूनच उभे राहिले.

ही जागा का हवी, ते २९ एप्रिल १९९२ ला दिसले. लॉस एंजेलिसच्या दंगलीत फ्लॉरेन्स आणि नॉर्मंडीच्या चौकातून पोलिसांनी माघार घेतली होती. एका ट्रकचालकाला जमाव ठेचत होता आणि वर फक्त वाहिन्यांची हेलिकॉप्टरे होती. ते दृश्य घरी टीव्हीवर पाहून परिसरातली चार माणसे धावली आणि त्यांनी त्याला इस्पितळात पोचवले. कॅमेरा नसता तर तो माणूस वाचला नसता.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ३० एप्रिल १९९८ रोजी त्याच शहरात हमरस्त्यावर एका माणसाने स्वतःवर गोळी झाडली आणि काही वाहिन्यांनी मुलांचे कार्यक्रम थांबवून ते थेट दाखवले. आपल्याकडे मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो असेच थेट दिसले, आणि त्या थेट वार्तांकनावर हल्लेखोर कसाबच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले.

२७ जुलै २००७ चे फिनिक्स मात्र सगळ्यात जिव्हारी लागते. पोलीस एका पळणाऱ्या गाडीच्या मागावर होते आणि वर वाहिन्यांची पाच व पोलिसांचे एक हेलिकॉप्टर. वैमानिक एका सामाईक फ्रीक्वेन्सीवर एकमेकांना जागा सांगत होते, आणि त्याच वेळी प्रेक्षकांसाठी समालोचनही करत होते. खाली संशयिताने गाडी बदलली, सगळ्यांची नजर तिकडे गेली आणि दोन हेलिकॉप्टरे एकमेकांवर आदळून उद्यानात कोसळली. चौघे ठार झाले. तपासात वैमानिकांवरच्या समालोचनाच्या जबाबदारीचाही उल्लेख झाला. विमान चालवणाऱ्याने बातमी सांगू नये, यावर अजून वाद घालावा लागतो याचे मला दुःख वाटते.

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसनला आकाशातल्या गर्दीचा प्रश्न नव्हता. कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळीने मेल्यावर निदर्शने पेटली आणि ३७ चौरस मैलांचे आकाश बंद झाले. कारण दिले पोलिसांच्या हेलिकॉप्टरवरील गोळीबाराचे. नोव्हेंबरमध्ये असोसिएटेड प्रेसने मिळवलेल्या ध्वनिफितींत हवाई वाहतूक अधिकारीच सांगताना ऐकू आले की पोलिसांना प्रवासी विमानांचे काही नाही, त्यांना माध्यमे नको आहेत. हेलिकॉप्टरला इजा झाली नव्हती आणि गोळीबाराचा अहवालही पोलिसांना देता आला नाही. ‘माध्यमांना बंदी’ असे लिहिण्याची सोय नियमात नव्हती, म्हणून सुरक्षेचे कारण पुढे केले गेले. रात्रीच्या अश्रुधुराची वरून घेतलेली चित्रे देशाला मिळाली नाहीत, हे नुकसान कुठल्याही खुलाशाने भरून येणारे नाही.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि इतर आठ जणांच्या हेलिकॉप्टर अपघातातील मृत्यूनंतर, जानेवारी २०२० मध्ये, कॅलाबॅससच्या टेकडीवरचे आकाश पाच मैलांपर्यंत बंद केले गेले. मृतांचा मान राखण्यासाठी ते योग्यच होते. पण मृतदेहांचे फोटो काढून फिरवले ते खाली उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसांनी. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्युरीने दोन कुटुंबांना ३ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली.

आता वर जायला वैमानिकही लागत नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पॅलिसेड्सच्या वणव्यावर बंदी असतानाही एकाने ड्रोन उडवला. तो क्वेबेकहून आलेल्या पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडून गेला आणि आग भडकत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर उभे राहिले. अशा ठिकाणी बंदी कडक हवी, दंड जबर हवा. आणि बंदीच्या प्रत्येक आदेशात ती कोणी मागितली, कशासाठी मागितली आणि कधी उठणार, हे त्याच दिवशी लोकांना वाचता यायला हवे. फर्ग्युसनची फीत बाहेर यायला तीन महिने लागले होते.