रानवाटेवरचा बिनतारी पहारेकरी
अमेरिकेतील हरणांचे शिकारी झाडाच्या बुंध्याला जो सेल्युलर ट्रेल कॅमेरा बांधतात, तो अत्यल्प विजेवर दीर्घकाळ दक्ष राहण्याच्या कौशल्याचा, माझ्या मते, उत्कृष्ट नमुना होय. कारण त्यातील अवरक्त संवेदक स्वतः कोणताही किरण न सोडता, सभोवतालाहून भिन्न उष्णतेचे शरीर समोरून सरकताच, क्षणार्धात कॅमेऱ्यास जागे करतो. रात्री काही कॅमेऱ्यांतील ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त दिवे दूरवर उजेड टाकतात, परंतु त्यांची मंद लाल झाक दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे नजरेस पडत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला तोकडा. मूळ छायाचित्र कार्डावर दाखल होते, आणि बहुधा त्याची लहान प्रत तेवढी मोबाइल जाळ्यावरून मालकाच्या फोनकडे रवाना होते. या रवानगीस वीज फार लागते. म्हणून जेथे रेंज क्षीण, तेथे चित्रे दिवसातून एकदोनदाच एकत्र पाठविण्याची तजवीज करावी. वन्य पशूचा ठावठिकाणा शिकाऱ्यास असा घरबसल्या मिळावा हे न्याय्य आहे काय, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. ॲरिझोना राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामी ट्रेल कॅमेरे वापरण्यास मनाई केली असून, बिनसिमचे साधे कॅमेरेही त्या मनाईतून वगळलेले नाहीत.