तोंडाने डिझेल ओढताय? आधी हे वाचा

पेरणीची घाई आहे, ट्रॅक्टर बांधावर थांबलाय आणि शेजाऱ्याच्या टाकीतून पाच लिटर डिझेल काढायचे आहे. अशा वेळी आपण काय करतो? रबरी नळीचे एक टोक टाकीत सोडतो, दुसरे तोंडात धरून जोराने ओढतो. घोटभर तोंडात येतेच. थुंकायचे, चूळ भरायची आणि कामाला लागायचे. कुणी हटकले तर उत्तर ठरलेले, "त्याला काय होतंय, लहानपणापासून ओढतोय की!"

होते ते पोटात नाही, फुफ्फुसात होते. डिझेल तोंडात येताच ठसका लागतो आणि त्याच श्वासाबरोबर काही थेंब श्वासनळीत उतरतात. पातळ असल्याने ते आत भराभर पसरते. फुफ्फुसाला सूज येते, जंतू नसतानाही न्यूमोनिया होतो. त्रास लगेच दिसेलच असे नाही. सकाळी डिझेल ओढलेला माणूस संध्याकाळी खोकला, ताप, छातीत दुखणे नि धाप घेऊन बसतो आणि घरचे म्हणतात, हवा बदलली.

यावर आपल्याकडचा घरगुती इलाज म्हणजे मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे. हा इलाज मूळ दुखण्यापेक्षा वाईट. पोटात गेलेले डिझेल उलटीबरोबर वर येते आणि पुन्हा फुफ्फुसात जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून उलटी करवू नये. आपोआप झालीच तर माणसाला कुशीवर वळवावे. तोंड धुवावे, डिझेल सांडलेले कपडे काढावेत. खोकला वा दम लागला असेल तर उशीर न करता दवाखाना गाठावा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. डिझेल कधी आणि किती गेले, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. लहान मुलाने डिझेल प्याले असेल तर त्रास दिसण्याची वाट बघत बसू नये. बहुतेक वेळा दोष आपलाच असतो. सरबताच्या बाटलीत डिझेल भरून खिडकीत ठेवले तर पोराला काय कळणार?

नळी ओढण्याला पर्याय स्वस्त आहे. मधे रबरी फुगा असलेली नळी मिळते. फुगा चार वेळा दाबला की धार सुरू. ड्रमसाठी हातपंप घ्यावा.

दुसरी सवय मिस्त्री लोकांची. इंजिन चालू ठेवून नोझलपुढे किंवा गळक्या पाइपवर बोट धरायचे. त्या धारेचा दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. वर सुईएवढे भोक दिसते, दुखतही नाही फारसे, पण आतून बोट सडू लागते. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये, त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा. आणि ग्रीसचे हात डिझेलने धुणे सोडावे. कातडी कोरडी पडून भेगाळते. साबण पुरतो.

"डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही" हे अर्धेच खरे. डिझेलची वाफ ३५ अंशांच्या खाली पेट घेणारी नसावी, एवढीच भारतीय मानकाची अट आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो, मग उन्हात तापलेल्या कॅनजवळ विडी ओढण्यात काय शहाणपण? कॅन सावलीत, चुलीपासून लांब, बूच घट्ट लावून ठेवावा. डिझेल भरताना इंजिन बंद असावे. आग लागलीच तर पाणी ओतू नये. डिझेल पाण्यावर तरंगते, आग आणखी पसरते. माती वा वाळू टाकावी.

धुराचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. विहिरीत उतरवलेले इंजिन किंवा बंद खोलीतला जनरेटर यांचा धोका तर त्याच क्षणाचा, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सरपंच आणि ग्रामसेवकांनी पंचायतीचा जनरेटर कुठे ठेवला आहे ते एकदा जाऊन पाहावे. खोलीत असेल तर बाहेर मोकळ्यावर काढावा आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात.