आखलेली शांतता

लंडनभोवतीचे हॅरो, पिनर, सर्बिटन किंवा बर्मिंगहॅमच्या कडेचे सॉलिहल, यांपैकी कुठल्याही वस्तीत कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दिसणारे दृश्य साधारण सारखेच असते. दोन-दोनच्या जोडीने उभी असलेली विटांची घरे, दर्शनी बाजूला पुढे आलेली खिडकी, प्रिव्हेट या झुडपाचे कातरलेले कुंपण, पुढच्या अंगणात मोटार नाहीतर गुलाबाची झाडे. फेरीवाल्याची आरोळी नाही, हॉर्न नाही, गॅलरीतून गॅलरीत चाललेल्या गप्पा नाहीत. ठरलेल्या दिवशी येणारी कचऱ्याची गाडी, उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी गवत कापण्याचे यंत्र आणि आइस्क्रीमच्या गाडीची धून, एवढेच काय ते मोठे आवाज. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या मराठी आईवडिलांना ही शांतता आधी सुखावते आणि मग खायला उठते. तिचा उलगडा करताना आपण बहुधा स्वभावाकडे बोट दाखवतो. इंग्रज मुळातच अबोल, आपल्यापुरते पाहणारे, असे म्हणून मोकळे होतो. मला हा उलगडा मान्य नाही. ही शांतता नकाशावर आखली गेली, कायद्याने राखली गेली आणि तिची किंमत पुष्कळदा भलत्यांनीच मोजली. स्वभाव म्हटले की विषय तिथेच संपतो. ती रचना आहे असे मानले, तर ती कोणी केली, कोणासाठी केली आणि तिच्यात काय बदलता येईल, हे विचारता येते.

स्वभावाचा दावा इतिहासापुढे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातले लंडन कमालीचे गोंगाटाचे शहर होते. दगडी फरसबंदीवरून धावणाऱ्या घोडागाड्यांची लोखंडी चाके, विक्रेत्यांच्या आरोळ्या आणि दारोदार फिरणारे बाजावाले यांनी रस्ते भरलेले असत. थॉमस कार्लाईलने १८५३ साली आपल्या चेल्सीच्या घराच्या माथ्यावर आवाज आत येऊ नये अशी खोली बांधायला घेतली; शेजारचे कोंबडे आणि पियानो त्याला लिहू देत नव्हते. गणनयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज याने रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध कित्येक वर्षे झुंज दिली. संसदसदस्य मायकेल बास यांनी १८६४ मध्ये लंडनमधल्या रस्त्यावरच्या संगीताला आवर घालणारा कायदा मंजूर करून घेतला, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत चार्ल्स डिकन्सही होता. जो समाज जात्याच शांत असतो, त्याला शांततेसाठी संसदेकडे धाव घ्यावी लागत नाही. या भांडणात आणखी एक गोष्ट दिसते. शांतता मागणारे घरात बसून लिहिणारे-वाचणारे होते, तर गोंगाट करणारे रस्त्यावर पोट भरणारे, त्यांतले बरेचसे परदेशातून आलेले गरीब लोक होते.

मग शांतता आली कशी? माझ्या मते तिचा मोठा वाटा रस्त्यांच्या आखणीचा आहे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर गावोगावच्या पोटनियमांनी रुंद, सरळ, दोन्ही टोकांना खुल्या रस्त्यांचा आग्रह धरला. कोंदट बोळांतून पसरणारी रोगराई पाहिलेल्या पिढीला ते रास्तच वाटले, पण त्यामुळे प्रत्येक रस्ता वाहतुकीचा झाला. लंडनच्या गरीब वस्तीत अनेक वर्षे काम केलेल्या हेन्रिएटा बार्नेट यांनी हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब उभारायला घेतले, तेव्हा या पोटनियमांतून सूट मिळवण्यासाठी १९०६ साली संसदेचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या वास्तुरचनाकारांनी तिथे एका टोकाला बंद असलेल्या छोट्या गल्ल्या आखल्या. ज्यांना तिथे काम नाही त्यांनी तिथून जाऊच नये, अशी ही योजना होती. भिंतींऐवजी झाडांची कुंपणे आली, दुकाने वस्तीच्या कडेला ठेवली गेली आणि दारूच्या गुत्त्यांना जागाच दिली गेली नाही. मोटारी नुकत्याच रस्त्यावर येत असताना अन्विनने ओळखले होते की, ज्याला घराभोवती निवांतपणा हवा त्याला अशी बंद गल्लीच मानवेल. १९१२ च्या पुस्तिकेत त्याने हिशेब मांडून दाखवले की, एकरी बाराच घरे बांधली तर रस्त्यांवरचा खर्च वाचतो आणि त्या पैशात प्रत्येकाला बाग देता येते. ट्यूडर वॉल्टर्स समितीच्या १९१८ च्या अहवालाने हीच दाटी सरकारी धोरणात आणली आणि समोरासमोरच्या घरांत सत्तर फूट अंतर सुचवले. हिवाळ्यातले तिरपे ऊन तळमजल्याच्या खिडकीत पोहोचावे, हा त्यामागचा हेतू होता. ऊन मिळावे म्हणून सोडलेल्या त्या जागेने शेजाऱ्याचा आवाजही दूर ठेवला.

कायद्याने या आखणीला कुंपण घातले. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैलांची मर्यादा १९३५ मध्ये आली. रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळात वस्तीत हॉर्न वाजवायला मनाई आहे. १९६० च्या कायद्याने गोंगाटाला उपद्रवाचा दर्जा दिला, रस्त्यावरच्या ध्वनिवर्धकांवर बंधने घातली आणि आइस्क्रीमवाल्यांना धून वाजवायला दुपारी बारा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा ठेवली. १९९६ च्या कायद्यात तर आकडेच आहेत. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात, सभोवारची पातळी २४ डेसिबल किंवा त्याहून कमी असेल, तर तक्रारदाराच्या घरात शेजाऱ्याचा आवाज ३४ डेसिबलच्या वर जाता कामा नये. सदाहरित कुंपण दोन मीटरपेक्षा उंच वाढून शेजाऱ्याचा उजेड अडवू लागले, तर त्याचीही दाद २००३ च्या कायद्यान्वये नगरपालिकेकडे मागता येते. ज्या वस्तीत कोणी मोठ्याने बोलत नाही, तिथे इतके बारीक नियम लागतात, याचा अर्थ भांडणे तिथेही होतात. फक्त ती कागदावर होतात.

यावर पहिला आक्षेप असा की ही सारी सुखवस्तूंची मिरास आहे. तो अर्धाच खरा आहे. १९१९ नंतर सरकारी मदतीने नगरपालिकांनी कामगारांसाठी याच धर्तीवर वसाहती बांधल्या. लंडनच्या पूर्वेला १९२१ पासून उभ्या राहिलेल्या बेकंट्रीत सुमारे २६ हजार घरे झाली आणि गोदी व कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांना पुढे-मागे बाग असलेले घर मिळाले. मला ही विसाव्या शतकातल्या ब्रिटनची मोठी कमाई वाटते. आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र जिव्हारी लागतो. ऑक्सफर्डच्या उत्तरेला कटस्लो येथे १९३४ साली एका खासगी विकासकाने रस्त्यावर आडव्या, दोन मीटरहून उंच, वर खिळे ठोकलेल्या भिंती घातल्या, कारण पलीकडे नगरपालिकेचे भाडेकरू राहत होते. एकाच रस्त्याच्या दोन भागांतल्या माणसांना वळसा घालून जावे लागे. त्या भिंती पडायला १९५९ साल उजाडले. हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये भिंत लागली नाही, तिथे किमतीनेच ते काम केले. सर्व थरांतल्या लोकांनी एकत्र राहावे म्हणून बार्नेटबाईंनी वसवलेली वस्ती आज लंडनच्या महागड्या भागांत मोजली जाते. शिवाय गल्लीतून हटवलेली वाहतूक नाहीशी होत नाही. ती नॉर्थ सर्क्युलरसारख्या हमरस्त्यांवर जाते आणि तिथे दुकानांच्या वर किंवा रस्त्याला लागून भाड्याने राहणारी कुटुंबे ती रात्रंदिवस ऐकतात. शांत गल्लीचा हिशेब या कुटुंबांना धरूनच मांडायला हवा.

दुसरा आक्षेप एकाकीपणाचा. मायकेल यंग आणि पीटर विलमट यांचा पूर्व लंडनमधील नातेसंबंधांवरचा १९५७ चा अभ्यास या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. बेथनल ग्रीनच्या दाट गल्ल्यांत लेकी आईच्या घराजवळ राहत, जवळजवळ रोज एकमेकींकडे जात. शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत गेल्यावर हे जाणेयेणे झपाट्याने घटले आणि माणसे घरात मिटून गेली. पण अभ्यास नीट वाचला तर दोषी शांतता ठरत नाही. आई मैलोगणती दूर राहिली होती, बसचे भाडे परवडत नव्हते, दुकाने आणि गुत्ते विरळ झाले होते. बेथनल ग्रीनमध्ये माणसे भेटत ती वाटेत, दुकानात, नाक्यावर. नव्या वस्तीत वाटच रिकामी केली गेली होती. हॉर्न आणि अवजड वाहने दूर ठेवणे ही एक गोष्ट, वाण्याचे दुकान, वाचनालय आणि बसचा थांबा दूर ठेवणे ही दुसरी. इंग्लंडमधल्या नगररचनाकारांनी कित्येक ठिकाणी या दोन्हींची गल्लत केली आणि ती मोठी चूक होती. ज्याला मोटार चालवता येते त्याला ती जाणवत नाही. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि पाहुण्या आईवडिलांना जाणवते. २०१८ साली ब्रिटिश सरकारने एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला. रिकाम्या वाटांचा प्रश्न त्या मंत्र्यापेक्षा नगररचना खात्याने आधी हाती घ्यायला हवा.

तिसरा आक्षेप बाहेरून आलेल्यांचा. शांततेच्या नावाखाली त्यांचे सण आणि पूजा दाबली जाते, असे ते म्हणतात. वॉटफर्डजवळच्या लेचमोर हीथ या छोट्या गावाचे उदाहरण इथे बोलके आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये तिथला वाडा कृष्णभक्तांच्या इस्कॉन संस्थेला दिला. त्याचे भक्तिवेदान्त मॅनर झाले आणि जन्माष्टमीला हजारो भाविकांच्या मोटारी गावाच्या अरुंद रस्त्यातून जाऊ लागल्या. गावकऱ्यांची तक्रार निव्वळ द्वेषातून आली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाविकांचा हक्कही तितकाच खरा होता. सार्वजनिक पूजेवर बंदी घालण्याचा प्रयत्न झाला, वर्षानुवर्षे कज्जे चालले, लंडनमध्ये मोर्चे निघाले. अखेर १९९६ मध्ये सरकारने सार्वजनिक पूजेला परवानगी दिली, ती गाव टाळून मंदिराकडे जाणाऱ्या स्वतंत्र रस्त्यासह. गावाला निवांतपणा मिळाला, जन्माष्टमीही राहिली. हा तोडगा नगररचनेचाच होता. तो सुचायला इतकी वर्षे लागावीत, हे मात्र खेदाचे आहे. मराठी सणांनाही हेच लागू आहे. १९३२ साली स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ आज डॉलिस हिल या राहत्या वस्तीतच आहे. ढोल आणि शेजार दोन्ही सांभाळायचे, तर कार्यक्रमाची वेळ, दारे-खिडक्या आणि गाड्या कुठे लावायच्या याचा विचार आधी करावा लागतो, आणि तसा तो करण्यात कसलाही कमीपणा नाही.

आज ब्रिटिश सरकारने एका संसदेच्या मुदतीत १५ लाख घरे बांधण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि अनेक शांत वस्त्यांतले रहिवासी आपल्या शेजारच्या योजनांना विरोध करत आहेत. त्यांची शांतता ज्यांनी आखली, ते नवी घरे बांधायलाच निघाले होते, याची आठवण या रहिवाशांना करून द्यायला हवी. दोन घरांमधल्या भिंतीतून किती आवाज जावा याचे नियम इमारतींसाठी आता आहेत. त्यामुळे एकरी बारापेक्षा कितीतरी जास्त घरांतही रात्रीची झोप मिळू शकते. त्या देशात घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना एकच विनंती आहे. गल्ली किती शांत आहे हे पाहालच, पण घराच्या दारातून निघून पायी दहा मिनिटांत दूध, बस आणि वाचनालय गाठता येते का, हेही पाहा, आणि तुमचे आईवडील तिथे राहायला येणार असतील तर हे आधी पाहा.