विद्वत्पत्रव्यवहार
समान विषयाच्या अभ्यासकांमध्ये ज्ञानविनिमयार्थ होणारा पत्रव्यवहार. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी परदेशी विद्वानांशी ठेवलेल्या अशाच संपर्कातून १६६५ मध्ये एक शास्त्रीय नियतकालिक निघाले.

परस्परांस सर्वस्वी अपरिचित अशा व्यक्तींत पत्राने संबंध कसा जुळतो, हे रामानुजन–हार्डी पत्रांवरून चांगले कळते. मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच्. हार्डी (१८७७–१९४७) यांना पत्र लिहिले. त्यात वार्षिक वीस पौंड वेतनासह स्वतःची अल्प माहिती होती आणि सोबत शंभराहून अधिक प्रमेये. यापूर्वी अन्य इंग्रज गणितज्ञांनी त्यांची दखल घेतली नव्हती. हार्डी यांनी जे. ई. लिटलवुड यांच्यासह ती प्रमेये तपासली व ८ फेब्रुवारीच्या उत्तरात आस्थेने, पण स्पष्टपणे, सिद्धता मागितल्या. ही मागणी म्हणजे पत्रलेखकास गणितज्ञ मानल्याचीच खूण होय. रामानुजन यांनी सिद्धता पाठविल्या नाहीत; १ + २ + ३ + … = −१/१२ असे सांगितले तर आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखविली जाईल, असे त्यांनी कळविले. शिष्यवृत्ती मिळण्यास उपयोगी पडेल असे पत्रही त्यांनी निःसंकोच मागितले. आपली पद्धत इतर कोणी वापरतील या भयाने ते सिद्धता दडवीत असावेत, ही लिटलवुड यांची शंका हार्डी यांनी त्यांना सरळ लिहून कळविली. रामानुजन काहीसे दुखावले, तथापि एप्रिलमधील पत्रात त्यांनी ती तितक्याच सरळपणे नाकारली. १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. पूर्णांकांच्या विभाजनांवरील दोघांचा संयुक्त निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.